अकरावा स्क्रू

वीस तारीख, रात्रीचे साडेनऊ.
विक्रोळी, कन्नमवार नगर, दुसरा मजला,
आणि मांडीवर घेतला तर मांडी भाजते
असा हा मांडीवरचा संगणक.

करंदीकर मेडिकलचा जीएसटी अर्ध्यावर आला की
आधी घरघर,
मग छतावर विमान उतरतंय असा आवाज,
मग काळा पडदा.
त्यात माझा चेहरा.

उपाय करून झाले.
खाली कॅरमच्या सोंगट्या लावल्या,
तीन काळ्या आणि एक राणी
(चौथी काळी सोफ्याखाली असणार).
स्टीलचं ताट उपडं घालून त्यावर ठेवला.
एकदा बर्फाची पिशवी धरली
तर पाणी सुटलं आणि 'ए' कायमचा गेला.
तेव्हापासून जिथे ए लागतो तिथे
मी तो दुसऱ्याच्या नावातून उचलून आणतो.

लॅमिंग्टन रोडला हुजेफाभाईंनी
नारळ हलवावा तसा कानाशी हलवला.
म्हणाले, नवीन घ्या.
किंमत ऐकून मी पेस्ट घेतली,
करंगळीएवढी ट्यूब, दोनशे ऐंशीची.
'तांदळाच्या दाण्याएवढी लावायची, शेठ.
सँडविचची चटणी नाही ती.'

हेमांगीनं फॉल लावायची साडी बाजूला सारली,
मशीनवरचा दिवा माझ्याकडे वळवला.
तोंडात टाचण्या, त्यामुळे सल्ले नाहीत.
मी स्क्रू मोजून वाटीत टाकले. अकरा.
मोठ्यानं मोजले, साक्षीदार असावा म्हणून.

झाकण निघालं.
पंख्यापुढे जाळी असते म्हणतात.
जाळी दिसेना. तिथे होती
गोधडीची एक पट्टी,
राखाडी, दाबून बसलेली, बोटभर जाड.
चिमट्यानं ओढली तर अख्खी आली.

मी कचऱ्याच्या डब्याकडे निघालो.
थांब, ती म्हणाली, टाचण्या काढून.
दिव्याखाली धरून सुईनं उकलायला लागली.
राखाडी नव्हतंच ते.

'हा जांभळा नलावड्यांच्या सुनेचा.
डोहाळजेवणाला नेसली होती.
हा मोरपंखी त्या बाईचा,
साडेतीनशे बुडवून पनवेलला गेली ती.
हा मोतिया… मोतिये फार झाले.
हा लाल—'

पंखा उघडा, मी उघडा, घामानं चष्मा घसरतोय.

'तन्वीचा घागरा. कॉलेजच्या गॅदरिंगचा.'

तन्वी आता बंगळुरूला असते.
तिनंच नवा घेतला तेव्हा हा माझ्याकडे आला.
रविवारी फोन करते, म्हणते,
बाबा, टाकून द्या ना तो डबा.

इतकी वर्षं मी म्हणत आलो,
तुझ्या मशीनचा आवाज फार होतो, आकडे चुकतात.
आणि हा एकाच टेबलावर, दीड हातावर,
तिचं काम मुकाट आत ओढत बसलेला.

पेस्ट लावली. तांदूळ म्हटलं तरी
हात थरथरला, साबुदाणा झाला.
झाकण बसवलं. सुरू केला.
चौऱ्याण्णव अंश दाखवायचा, आता अडुसष्ट.
विमान आलं नाही.
अकरा चाळीसला करंदीकर भरून झाले.

वाटीत एक स्क्रू उरला होता.
पुन्हा उघडायची माझी हिंमत नाही,
आणि त्याच्यावाचून काही अडलेलंही दिसत नाही.
हेमांगीनं तो बटणांच्या डब्यात टाकला,
जोडी नसलेल्या बटणांत.
गोधडीची पट्टी तिनं
टाचण्यांच्या उशीत कोंबली, शिवण उसवून,
आणि दिवा स्वतःकडे वळवून घेतला.

'सहा महिन्यांनी परत साफ कर,' म्हणाली.
'उशी अजून पोकळच आहे.'