खाडा

पैसे सरकारचे, माणूस मी निवडायचं.
दांडिया बाजारातल्या खोलीत, पलंगावरूनच मुलाखती.
पहिली सगळं वहिनीलाच विचारत होती:
"ह्यांना कळतं ना?"
नको म्हटलं.

जशीबेननं स्टूल ओढलं,
माझ्या डोळ्यांच्या उंचीला बसली.
"राते केटली वार उठाडशो?"
दोनदा. थंडीत तीनदा.
"त्रीजी वार चा मूकीश."

आता वहीत मालकाच्या रकान्यात माझं नाव.
पेन दातांत धरून सही करते,
वेलांटी दर वेळी सांडते.

मागच्या रविवारी ती आली नाही. निरोपही नाही.
मी खाडा मांडला.
सोमवारी तिनं वही पाहिली. बोलली नाही.
मीही नाही.
मग बादलीत कोपर बुडवलं,
थोडं गार पाणी ओतलं,
आणि माझ्या पाठीवर पहिला तांब्या.