पलीकडचा हात

या खेपेला तीनच खोकी आली.
मागच्या वेळी अकरा होती,
आणि वर कारखान्याची चिठ्ठी: भोकं तुमची तुम्ही पाडा.
आता पत्र्यांना भोकं पाडूनच येतात,
एकावर एक ठेवले की आरपार उजेड दिसतो.
उर्पो म्हणाला, पोरखेळ करून टाकलाय सगळा.
पण बोट मात्र भोकांच्या कडांवरून फिरत होतं,
गाय घेणारा दात बघतो तसं.

नवा आराखडा आहे.
शेपूट वीतभर लांब, नाकाखाली तिसरं चाक,
पंख मिटून विमान गोठ्यात मावतं,
बसायची जागा चार बोटं रुंद.
आणि रिव्हेट आंधळे.
म्हणजे एकाच बाजूने बसणारे.
पकडीत धरायचा, दाबायचा, टक्,
पलीकडे तो आपला आपण फुगतो.
पलीकडे कुणी लागत नाही.

सोळा वर्षांपूर्वी पलीकडे मी होते.
शेपटाच्या बोगद्यात पाठीवर पडलेली,
अंगात त्याचा जुना स्वेटर, दोन्ही हातांत लोखंडी ठोकळा.
तो बाहेरून हातोडी चालवायचा,
मी आतून ठोकळा टेकवून धरायची,
मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा.
बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून ठोके ठरवले.
एक म्हणजे अजून मार.
दोन म्हणजे झालं, पुढे चल.

नऊ हजार रिव्हेट, दोन हिवाळे.
स्वयंपाकघरात आम्ही इतकं कधीच बोललो नाही.
एकदा भांडून आत शिरले होते,
माझी पोस्टातली बदली की त्याच्या आईचं काही,
आता आठवतही नाही.
त्या दिवशी प्रत्येक रिव्हेटला मी एकच ठोका दिला.
तो मारत राहिला.
ती ओळ अजून चपटी आहे,
ओउलूच्या ज्या दंतवैद्याने विमान विकत घेतलं, त्याच्याकडे.
त्याला वाटत असेल, कारखान्याची चूक.

या हिवाळ्यात उर्पो एकटाच गोठ्यात.
मी खिडकीशी कॉफी घेऊन ऐकते, टक्, टक्,
प्रश्न नाही, उत्तर नाही.
काम तिप्पट वेगाने चाललंय, तो सांगतो,
आणि सांगून थोडा वेळ उभाच राहतो,
टोपी हातात घेऊन, बर्फ गळत.

फेब्रुवारीत वजन केलं.
तीन चाकांखाली तीन काटे,
एक आमच्या न्हाणीतला, दोन शेजारच्या तुओमेलांचे.
नाक जड निघालं.
शेपटात दीड किलो तरी टाकायला हवं, म्हणाला,
आणि त्याची नजर गेली कोबीच्या पिंपाकडे.
पिंपात झाकणावर ठोकळा ठेवलेला असतो माझा,
कोबी दाबून धरायला.
एक किलो चारशे वीस ग्रॅम.
सव्वीस वर्षं पार्सलं जोखली आहेत मी,
आणि हे तर हातांनीच जोखलेलं.
"कोबी अजून मुरायचाय," मी म्हणाले.
तो काजानीला जाऊन शिसं घेऊन आला.

मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ अजून हातभर होता.
चाकं काढून स्की लावल्या, मला शेजारी बसवलं.
जुन्या विमानात आमची कोपरं घासायची,
वळताना एकाने श्वास सोडला की दुसऱ्याने घ्यायचा.
इथे मध्ये चार बोटं मोकळी,
हातमोजे ठेवायला बरी जागा.
तळं सुटलं. खाली भुर्जांची काळी-पांढरी ओळ,
आमच्या सौनाचा धूर, कुणाचा तरी कुत्रा.
पंख कुठे करकरला नाही.
काम चांगलं झालं होतं. एकट्याने केलेलं, पण चांगलं.

मी हातमोजा काढला,
आणि दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने
दोनदा ठोकलं.

इंजिन चालू होतं, त्याच्या कानांवर हेडसेट होता.
ऐकलंस का, मी विचारलं नाही.
तो पुढे बघत होता,
पुढे चालला होता.