उलट दिशेचा रकाना

पायऱ्या त्रेपन्न.
त्यातली एकेचाळिसावी नाही. तिथे पाय लांब टाकायचा,
हे ऊदो प्रत्येकाला एकदाच सांगतो.
वर पोचलं की वारा आधी कान धरतो,
बाकीच्या माणसाची चौकशी मग.

मे महिना. एस्टोनियाचा हा किनारा
अजून लोकरीचे कपडे अंगावर घेऊनच बसलाय.
बर्चना तेवढी पोपटी लव फुटली आहे,
आणि हेल्वेच्या पिशवीतून
काळ्या पावातल्या शहाजिऱ्याचा वास येतोय.

डाव्या हातात काळ्या बदकांचं मोजयंत्र,
उजव्यात लांबशेपट्यांचं.
एक कट् म्हणजे दहा पक्षी,
रांग दाट आली तर शंभर.
ऊदो म्हणतो, पंगतीतली पानं मोजावीत तसं मोजायचं,
चेहरे बघत बसलात की हिशेब चुकला.

दिवसभर सामुद्रधुनीत त्यांचा गलका:
आ-आउली, आ-आउली.
इथल्या भाषेत त्यांना आउलच म्हणतात.
स्वतःला हाका मारत हिंडणारी जात.

साडेनऊला ऊन पाण्यावरून तिरपं सरकतं
आणि गलका थांबतो.
कुणी काही ठरवल्यासारखं दिसत नाही.
पाण्याचा एक तुकडा उठतो,
मग त्याच्या शेजारचा,
मग मोजणाऱ्याच्या अंगठ्याला उसंत नाही.
उंच, अजून उंच, पाइनच्या शेंड्यांवरून
ईशान्येला, श्वेत समुद्राकडे,
जिथे तळी अजून गोठलेलीच असतील
आणि तरी यांना घाई.

हा मनोरा पक्ष्यांसाठी बांधलेला नव्हता.
सर्चलाइटचा गंजका पाया अजून आहे,
आम्ही त्यावर थर्मास ठेवतो.
तेव्हा इथून शिपाई समुद्र बघायचे,
रात्री कुणी होडी लोटतंय का.
संध्याकाळी वाळू दाताळ्यानं विंचरून ठेवायचे,
सकाळी पाऊल दिसावं म्हणून.

हेल्वेचे वडील त्याच्या आधीच गेले,
चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात, स्वीडनकडे,
चुलत्याच्या होडीतून. ती तेव्हा पोटात.
त्या रात्री किती निघाले, किती पोचले,
रकाने आखायला कुणी बसलं नव्हतं.

ती तीन ठिकाणी टेकत वर येते
आणि आमच्याकडे पाठ करून बसते, पश्चिमेला तोंड.
दुर्बीण घेत नाही.
आज तीच म्हणाली, "तो बघ."

एकटा. पाण्यालगत. सगळे जातात तिकडून येऊन
सगळे येतात तिकडे चाललेला.
ऊदोनं दुर्बीण लावली, बराच वेळ काढली नाही.
वाट चुकलाय, आजारी असेल, असं तो एरवी म्हणाला असता.
"लिही," हेल्वे म्हणाली.
मी वहीत शेवटचा रकाना शोधला,
उलट दिशेने,
वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं,
आणि तारखेसमोर एक लिहिला.
लांबशेपट्या अठरा हजार सहाशे चाळीस. उलट एक.

अंधार पडला तसं उतरलो.
उतरताना ती पायरी तेरावी येते.
मी मनात आकडे म्हणत होतो, अकरा, बारा.
हेल्वे माझ्या पुढे होती.
तिनं न मोजताच पाय लांब टाकला.