नत्र कमी

तार्तूत ऑक्टोबर सरताना साडेचारलाच अंधारतं.
विर्वे टाकीच्या गोल काचेला डोळा लावते.
आत गुलाबी, गढूळ काहीतरी घुसळतंय,
कापलेल्या साल्मनच्या रंगाचं.

परवापर्यंत हा ॲस्पनचा भुसा होता,
नदीपलीकडच्या सॉ मिलमधला,
गुरांखाली पसरायचा, नाहीतर जाळायचा.
त्याला आम्लात उकळलं, एन्झाइमांकडून पोखरून घेतलं.
गोड पाणी निघालं, मागून जरा कडवट.
ते यीस्टला पाजलं.

आधी सगळं द्यायचं: साखर, नत्र, हवा.
होऊ द्यायचे एकाचे दोन, दोनाचे चार.
मग नत्र तोडायचं.
साखर मात्र वाढत राहायची, आग्रह करकरून.
वंश थांबतो, खाणं थांबत नाही,
आणि पेशी अंगाला लावून घेते
थेंब थेंब,
शेवटी पेशी नावालाच, आत नुसती तेलाची बुधली.

"म्हणजे उपाशी ठेवतो आपण यांना?" नवा पोरगा, काउर.
"एकाच गोष्टीसाठी," विर्वे म्हणते.
मग बराच वेळाने, आकडे उतरवता उतरवता:
"आई गेल्यावर घरात बटाटे होते, डुक्कर होतं, लाकूडफाटा होता,
बोलायला तेवढं माणूस नव्हतं.
बाबा साठवत सुटले.
वाकडे खिळे, सुतळ्या, बरण्या, बरण्या नसलेली झाकणं.
शेड उपसायला नऊ दिवस लागले आम्हाला."

हसावं की नाही, काउरला कळत नाही.
फेस वर चढतो. तो दोन थेंब औषध सोडतो, फेस बसतो.

पाचव्या दिवशी पेशी फोडल्या.
तीस लिटरांतून पावशेर तेल, झेंडूच्या रंगाचं.
पामतेलाची जागा घेईल, असं अहवालात आहे.
कधी, ते नाही.
विर्वेने लहान बाटलीत थोडं काढलं
आणि वहीत लिहिलं: सांडले.

दोन नोव्हेंबर, त्यांची सर्वपित्री.
दफनभूमीत जिकडेतिकडे मेणबत्त्या.
तिने बशीत तेल ओतलं,
वात म्हणून बुटाची नाडी, शेडमधलीच.
दोन काड्या वाया गेल्या.
तिसरीला पेटलं, काजळी धरत,
शिळ्या पावासारखा वास सोडत.

"तुमच्याच मिलचा भुसा आहे," ती म्हणाली, मोठ्याने,
आणि मग काउरबद्दल, गुडघ्याबद्दल, छपराच्या खर्चाबद्दल
बोलत राहिली,
ज्योत होती तोवर. वीसेक मिनिटं.

मग बशी पुसली.
उरलेली नाडी गुंडाळून खिशात घातली.