हिरवं बटण

क्लाक्सविकच्या ग्रंथालयात, तळघरातल्या खोलीत,
जिथे हीटर म्हाताऱ्यासारखा खोकतो
आणि उंच खिडकीतून बोटींच्या नुसत्या डोलकाठ्या दिसतात,
मी सोलरूनचा सातवा धडा उघडला.
जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन कशी शोधावीत.
सहा मिनिटं, अकरा सेकंद.

"आता उजवीकडचं हिरवं बटण दाबा," ती म्हणते.
उजवीकडे काहीच नाही.
चार वर्षांपूर्वी होतं.
तेव्हा सोलरूनही होती.

मधल्या काळात बटण डावीकडे गेलं, निळं झालं,
मग तीन आडव्या रेघांच्या आत जाऊन बसलं.
धड्याला कुणी कळवलं नाही.
तो बिचारा सांगतच राहिला,
शेजारी घर सोडून गेले तरी
त्यांच्या दाराकडे बोट दाखवणाऱ्या माणसासारखा.

मंगळवारी हानुस आला.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढली, आता दोन्ही डोळे गेलेले.
इअरफोनचं एक बोंडूक स्वतःच्या कानात घातलं,
दुसरं मला दिलं.
"ऐक, तुमचं पान काय बोलतं ते."

बटण. बटण. चित्र. बटण.
दुवा, इथे क्लिक करा.
दुवा, इथे क्लिक करा.
दुवा, इथे.

"धुक्यात आम्ही घंटेच्या आवाजावर बंदर गाठायचो," तो म्हणाला,
"पण प्रत्येक घंटेचा सूर वेगळा असायचा गं."

त्या पानाच्या तळाशी माझं नाव आहे.
करड्यावर फिकट करडं.
त्या दिवशी मला ते बरंच वाटलं.

मग बसले बटणांची बारशी करत.
'शोधा'. 'मागे जा'. 'अक्षर मोठं करा'.
दुवे तपासले : एकशे बारांपैकी एकोणतीस मेलेले.
या नोकरीत लोकांचे दुवे क्वचित मिळतात,
तुटलेले मात्र रोज.
एका चित्राखाली लिहिलं,
'बाई खडकावर मासे वाळत घालते आहे, वारा जोराचा.'
वारा खोडला. परत लिहिला.
दुसरं चित्र नुसती नक्षी होती, ते मुकंच ठेवलं.
हेही शिकावं लागतं.

रोवेना रात्रपाळी करून येते, मासे सोलून,
बाळ मांडीवर निजलेलं, फोनचा आवाज बंद.
तिच्यासाठी शब्द पडद्यावर हवेत.
यंत्राला सांगून पाहिलं.
सोलरून म्हणाली 'ग्रंथालय',
यंत्राने लिहिलं 'ग्रहण लागलं'.
मी एकटीच हसले, आणि सगळं हाताने लिहायला घेतलं.

चार मिनिटं वीस सेकंदांवर दार वाजतं.
कुणीतरी विचारतं, कॉफी?
सोलरून म्हणते, "थांब ना, धडा चाललाय,"
आणि मग, हळू, "दूध नको."
तिने ते कापलं नव्हतं.
विचारणारी मीच होते.

शुक्रवारी मी धडा नव्याने बोलले.
हिरवं म्हटलं नाही, उजवीकडे म्हटलं नाही.
म्हटलं, 'शोधा' नावाचं बटण.
तीन मिनिटं, दोन सेकंद.
जुनी फाइल काढताना पडदा विचारतो : नक्की?
या प्रश्नाखालची दोन्ही बटणं
अगदी स्वच्छ वाचता येतात.

वहीत नोंद केली : पुढची तपासणी मार्चमध्ये.
करणाऱ्याचं नाव : माझं.
त्याखालची ओळ रिकामी.

सोमवारी हानुसचा फोन.
मिळालं म्हणाला, बापाची बोट, एकोणीसशे चौतीस,
पान तीन, खालचा कोपरा, कुणी वाचून दाखवायला नव्हतं तरी.
मग थोडा वेळ नुसता श्वास.

"आणि ती दुसरी कुठे गेली?
बिनदुधाची कॉफी पिणारी?"