तिसरी बशी

घंटा जर्मनांनी त्रेचाळीस साली उतरवून नेली.
आता एकोणपन्नास. नवी ओतायची आहे,
पण जुनीच्याच सुराची, असं गावाने ठणकावून सांगितलंय,
आणि तो सूर कुणीच कुठे लिहून ठेवलेला नाही.

म्हणून मी, ओतशाळेतला सूर लावणारा,
सायकलला नादकाट्यांची पेटी करकचून बांधून
फ्रीसलंडच्या या सपाट, ओलसर गावात दारोदार:
जरा गुणगुणून दाखवता?

पवनचक्कीवाला हिल्के खर्जात हंबरला.
चित्स्के, जी नवरी होऊन त्या घंटेखालून निघाली होती,
तिचा सूर चार पट्ट्या वर.
मी वहीत लिहिलं: लग्नाची घंटा उंच आठवते, मयताची खोल.
पुढच्याच दारात नियम मोडला.
दोन मुलगे पुरलेल्या फूक्येने
हात पुसत पुसत सगळ्यांत वरचा लावला,
आणि विचारलं, कॉफी घेणार का.
मास्तर म्हणाले, काळी चार, वादच नाही.
हार्मोनियम उघडून पाहिलं, जमेना,
तर म्हणाले, दमट हवेने पेटीच उतरलीय.

मला कुणाला सांगता येत नव्हतं
की घंटेत बरेच सूर एकदम असतात,
आणि लोक ज्याला तिचा सूर म्हणतात
तो बहुतेकदा काशात नसतोच.
बाकीच्यांच्या मधून कानच तो उभा करतो
आणि शपथेवर सांगतो, ऐकला.
म्हणजे मी शोधत होतो ते
वितळलंही नव्हतं, उरलंही नव्हतं.

शेवटचं घर व्हीब्रेनचं. जाळी विणणारा, जन्मबहिरा.
त्याने बरगडीखाली बोट ठेवलं: इथे.
मग कपाट उघडून: आणि ही.
वरच्या फळीवरची तिसरी बशी.
मी एकेक काटा वाजवून फळीला टेकवत गेलो.
अकराव्याला ती थरथरली.

त्या अकराव्यावरच ओतली.
पहिल्या रविवारी सगळे म्हणाले, हीच!
पुन्हा गुणगुणायला सांगितलं, तर हिल्के, चित्स्के, मास्तरसुद्धा
एका सुरात,
आणि म्हणे, त्या दिवशीही हाच लावला होता.
मी वही काढली नाही.

संध्याकाळी व्हीब्रेनकडे गेलो. कपाट उघडंच होतं.
टोल पडले.
चौथी बशी थरथरली.
तो माझ्याकडे बघत राहिला थोडा वेळ,
मग उठला
आणि तिसरीच्या जागी
चौथी ठेवली.