लेंबार बंदर, तपासणी नाका

रात्री सव्वादोनची फेरी.
रांगेत तेवीस ट्रक: कांदा, सिमेंट, कुणाच्या लग्नाच्या खुर्च्या,
आणि सातव्याच्या ताडपत्रीखाली
आंब्याच्या खोक्यातून येणारा आवाज,
इतका बारीक, की आधी वाटलं
माझ्याच कानात काहीतरी वाजतंय.

इनाक सहनिम म्हणाली, "आंबेच आहेत, साहेब."
"आंबे चिवचिवत नाहीत, इनाक."
"पिकले की चिवचिवतात."
आम्ही दोघंही हसलो.
मग मी सुतळी कापली.

चाळीस चष्मेवाले.
अंगठ्याएवढे, हिरवट,
प्रत्येकाच्या डोळ्याभोवती पांढरं कडं,
जणू चाळीस मास्तर एकाच वर्गात कोंडलेत
आणि सगळे मिळून मलाच प्रश्न विचारतायत.

नोकरीला लागलो तेव्हा
एका निवृत्तीला टेकलेल्या साहेबानं
नकाशावर चहाच्या चमच्यानं रेघ ओढली होती.
"ही बघ, महनेप. पलीकडे बाली.
आभाळ निवळलं की तिथला डोंगर दिसतो,
हाक मारावी इतका जवळ.
बर्फाच्या युगात समुद्र शंभर-सव्वाशे मीटर खाली गेला,
जावा, सुमात्रा, बाली, सगळं एक अंगण झालं.
वाघ चालत चालत बालीपर्यंत आला.
आणि थांबला.
ही खाच तेव्हाही पाण्यानं भरलेली होती."
मग चमचा चाटून म्हणाला,
"आपल्या आधीपासून इथे नाका आहे, पोरा.
आपण फक्त शिक्के आणले."

वाघाला आमच्याकडे शब्द आहे, पाऊलखूण नाही.
आमच्याकडे आहे तो कोंबडीसारखा एक पक्षी,
अंडी पालापाचोळ्याच्या ढिगात पुरून निघून जाणारा;
कुजणारी पानंच ती उबवतात.
पूर्वी पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवेही होते, म्हणे.
मी पाहिले ते साखळीला.

पण हे चष्मेवाले!
ह्यांच्या कुठल्याशा पूर्वजाला वादळानं उचललं,
आपटलं एका बेटावर, मग पुढच्या.
जिथे पडले तिथले झाले.
इथे चोच वाढली, तिथे पोट पिवळं झालं,
एका बेटावर तर चष्माच काढून ठेवला.
आणि गंमत अशी, पूर्वेकडच्या काही बेटांवर
एवढा समुद्र ओलांडून आलेल्यांची पोरं
समोर दिसणाऱ्या किनाऱ्याकडेही फिरकत नाहीत.
माझ्या आजोबांचे वडील बुगिस खलाशी होते.
मला फेरीवर उलटी होते.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे: मूळ ठिकाण.
"कुठून धरलेत?"
"सुंबावाहून काही आले, काही रिंजानीच्या रानातले,
काही... मला काय ठाऊक? मी विकत घेते, विकते."
तिच्या धाकट्याची फी राहिलीय, तेही तिनं सांगितलं,
ते मी फॉर्ममध्ये लिहिलं नाही.
एकेक पाखरू बॅटरीच्या उजेडात धरलं:
हा कुणाच्या रानचा? कुठे सोडायचा?
चुकीच्या बेटावर सोडला
तर हजारो वर्षांनी लिहिलेलं वाक्य
मीच खोडल्यासारखं होईल.
तळहातावर त्याचं काळीज
मोजता येणार नाही इतकं पळत होतं.

"जावाला एकाचे दोन लाख रुपिया मिळतात, साहेब,"
ती म्हणाली, भांडत नव्हती, माहिती देत होती.
"गाणारा असला तर जास्त."

त्याच वेळी एक सुटला.
दिव्याभोवती दोन फेऱ्या घेतल्या,
आणि जाऊन बसला थेट
फेरीच्या वरच्या कठड्यावर, लाल दिव्याखाली.
भोंगा झाला. साखळदंड वर आले.
मी हाक मारणार होतो. कुणाला, काय म्हणून?
फेरी काळ्या पाण्यात शिरली,
त्या खाचेवरून, जिच्याशी वाघ हरला होता.

मी यादी पूर्ण केली.
इनाक सहनिमनं अंगठा उठवला.
चष्मेवाले: एकोणचाळीस.